अजिंठ्याची भित्तिचित्रे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची नीती
फर्दापूरनजीकच्या अजिंठा लेण्यांना १९८३ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा प्राप्त झाला. तत्पूर्वी, निजामाच्या राजवटीत १९२० च्या सुमारास इटालियन तज्ज्ञांनी संवर्धनाच्याच हेतूने भित्तिचित्रांना लाखेचे रोगण दिले. कालांतराने ते पिवळे पडले व चित्रे झाकोळली. आज कृत्रिम बुद्धिमत्तेद्वारे लुप्त भागांची संगणकीय पुनर्रचना शक्य आहे. मूळ भिंतीस तिचा स्पर्श होत नाही. परंतु गळालेला भाग यंत्र उपलब्ध नमुन्यांवरून अनुमानाने भरते. ते अनुमानच प्रमाण मानले गेल्यास भिंत सुरक्षित राहूनही इतिहास विकृत होतो. म्हणून मूळ व अनुमानित भाग स्पष्टपणे वेगळे दाखवावेत आणि निर्णयाचे उत्तरदायित्व अभ्यासकाकडेच राहावे. अध्यापकांनीही वर्गात अशी चित्रे दाखविताना हा भेद सांगणे अगत्याचे आहे.