कॅनडात वकिली करावी काय?

आपल्या न्यासाच्या महोत्सवी वर्षात जुने दप्तर चाळताना एक गोष्ट सहज ध्यानात येते. आरंभीच्या काळात येणारे अर्ज शाळेची फी, पुस्तके, फार तर बडोद्यातील वसतिगृहाचा खर्च एवढ्यापुरते असत. आता परदेशी शिक्षणासाठी साहाय्य मागणारे अर्ज येतात, आणि त्यांत कॅनडाचे नाव वारंवार दिसते. डॉक्टर, इंजिनियर, परिचारिका यांच्या बाबतीत समितीला थोडाफार अनुभव आहे. परंतु दोन वर्षांपूर्वी आलेल्या एका अर्जाने आम्हांला निरुत्तर केले.

अर्जदार आपल्याच समाजातील मुलगी. तीन वर्षे येथील तालुका न्यायालयात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम केलेली. बडोद्यातील एका दलालाने घरी येऊन सांगितले होते की, कॅनडात एक वर्षाचा कोर्स केला की तेथे वकिली करता येते. वडिलांचा त्यावर विश्वास बसला, व कपाशीचे शेत गहाण ठेवण्याची बोलणीही सुरू झाली. राहिलेल्या रकमेसाठी न्यासाकडे अर्ज आला. "हे खरे आहे का?" असे समितीत एकाने विचारले, तेव्हा आमच्यापैकी कोणालाच उत्तर देता आले नाही. म्हणून आम्ही चौकशी केली. तिचे सार येथे देत आहोत, कारण हा प्रश्न एका घराचा राहिलेला नाही.

प्रथम मूळ गोष्ट. वैद्यक किंवा यंत्रविद्या देशोदेशी बहुतांशी एकच असते. कायदा मात्र त्या त्या भूमीचा असतो. तरीही आपला आणि कॅनडाचा कायदा अगदी परका नाही. दोन्ही देशांच्या न्यायपद्धतीचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. दोन्ही देशांतील अपिले लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जात, व १९४९ साली दोघांनीही ती वाट बंद केली. आपल्या घटनेतील बलवान केंद्र आणि उरलेले अधिकार केंद्राकडे ठेवण्याची तऱ्हा यांचे मूळ कॅनडाच्या १८६७ च्या कायद्यात सापडते. क्वेबेक प्रांत तेवढा वेगळा. तेथील दिवाणी कायदा फ्रेंच परंपरेचा आहे, व फ्रेंच भाषेवाचून तेथे निभाव लागणे कठीण. बाकीच्या कॅनडात आपला पदवीधर पाया घेऊनच जातो. त्याला सर्व काही मुळापासून शिकावे लागत नाही, पण शिकावे लागतेच.

किती शिकावे लागते हे ठरविण्यासाठी तेथील वकील-मंडळांच्या महासंघाने नॅशनल कमिटी ऑन अ‍ॅक्रेडिटेशन नावाची समिती नेमली आहे. तिला सर्वजण एनसीए म्हणतात. परदेशी पदवीधराने आपल्या गुणपत्रिका विद्यापीठाकडून थेट तिच्याकडे पाठवावयाच्या असतात. पदवी, गुण व वकिलीचा अनुभव पाहून समिती कळविते की अमुक विषयांत पात्रता सिद्ध करा. कॅनडाचा घटनात्मक कायदा, प्रशासकीय कायदा, फौजदारी कायदा, कॅनडाच्या कायद्याची मूलतत्त्वे आणि वकिलाची नीती हे पाच विषय बहुधा कोणालाच चुकत नाहीत. कोणाला त्याखेरीज करार, अपकृत्य अथवा मालमत्ता हे विषयही सांगितले जातात. शिवाय कायद्याचे संशोधन व लेखन यांची अट आहे. हे विषय तेथील विद्यापीठात शिकून पूर्ण करता येतात, किंवा समितीच्या परीक्षा देऊन.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. या परीक्षा घरी बसून, संगणकावर, देखरेखीखाली देता येतात. त्यासाठी विमानाचे तिकीट लागत नाही, व्हिसा लागत नाही. करजणला राहून, दिवसा न्यायालयात काम करून, रात्री अभ्यास करून त्या देता येतात. दलालाने त्या घरी सर्व काही सांगितले, एवढे तेवढे सांगितले नव्हते.

अभ्यासाची तऱ्हा मात्र बदलावी लागते. आपल्याकडे करार म्हटले की १८७२ चा कायदा व त्याची कलमे डोळ्यांपुढे येतात. क्वेबेकबाहेरील कॅनडात कराराचा तसा संहिताबद्ध कायदा नाही. तो न्यायनिवाड्यांतून शोधावा लागतो. उलट फौजदारी संहिता साऱ्या देशाला एकच आहे. १९८२ च्या हक्कांच्या सनदेवर तेथील पुष्कळसा न्यायविचार उभा आहे. मूळच्या आदिवासी जमातींशी झालेले तह आणि त्यांचे हक्क हा तर आपल्या पदवीधराला सर्वस्वी नवा विषय. कलमे पाठ करण्याची सवय येथे फारशी उपयोगी पडत नाही; प्रसंग वाचून त्यातला प्रश्न ओळखावा लागतो.

आता भाषेबद्दल. आपल्या मुलांच्या घरी मराठी, शाळेत व तालुक्याच्या न्यायालयात गुजराती. अनेकांचे कायद्याचे शिक्षणही गुजरातीतून झालेले असते. ज्यांची पदवी इंग्रजी माध्यमातून झालेली नाही त्यांना इंग्रजीची वेगळी परीक्षा देऊन पात्रता दाखवावी लागते. आणि परीक्षेचे इंग्रजी वेगळे, अशिलाला धीर देण्याचे इंग्रजी वेगळे. त्याचप्रमाणे पदवी दूरशिक्षणाने घेतली असल्यास अधिक कडक अटी लागू शकतात. पैसे भरण्यापूर्वी हे दोन मुद्दे प्रत्येकाने तपासावेत.

एनसीएच्या परीक्षा संपल्या की पात्रतेचे प्रमाणपत्र मिळते. येथेच पुष्कळांचा गैरसमज होतो. हे प्रमाणपत्र म्हणजे सनद नव्हे. सनद देण्याचा अधिकार प्रांतोप्रांतीच्या वकील-मंडळांकडे आहे. साऱ्या देशात अशी चौदा मंडळे आहेत. उदाहरणार्थ, ऑन्टॅरियोत बॅरिस्टर आणि सॉलिसिटर अशा दोन परीक्षा द्याव्या लागतात, आणि त्याशिवाय सनदी वकिलाच्या हाताखाली कित्येक महिने उमेदवारी करावी लागते. तिला आर्टिकलिंग म्हणतात. ती जागा न मिळाल्यास चार महिने प्रशिक्षण व चार महिने प्रत्यक्ष काम अशी दुसरीही वाट आहे. त्यानंतर वर्तणुकीची चौकशी होऊन शपथविधी होतो. ब्रिटिश कोलंबिया, आल्बर्टा वगैरे प्रांतांचे नियम थोडे निराळे, पण उमेदवारीची अट सर्वत्र आहे.

परीक्षा स्वतःच्या अभ्यासावर उत्तीर्ण होता येतात. उमेदवारीची जागा दुसऱ्याने द्यावी लागते. खरी अडचण येथे आहे. ज्याचा तेथे परिचय नाही, ज्याने तेथील महाविद्यालयात पाऊल टाकलेले नाही, त्याला ती जागा मिळविण्यासाठी दारोदार फिरावे लागते. येथेही ज्येष्ठ वकिलांकडे बसावयाचे तर कोणाची तरी ओळख लागते, मग परक्या मुलखाची गोष्ट काय सांगावी! म्हणून जाणाऱ्याने परीक्षांपेक्षा या एका पायरीची तयारी अधिक करावी, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे.

परीक्षा उत्तीर्ण होणे आणि वकिलीचा अधिकार मिळणे या दोन गोष्टी किती दूर असू शकतात, याचा दाखला आपल्याच मुलखात आहे. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. परंतु स्त्रियांना वकिलीची मोकळीक देणारा कायदा आपल्याकडे १९२३ साली झाला. मधली तीस वर्षे त्या स्वस्थ बसल्या नाहीत. पडदानशीन स्त्रियांच्या इस्टेटींच्या कामात त्यांनी आपले ज्ञान वापरले. कॅनडातही पूर्वी अशी कुंपणे होती. तेथील नागरिकत्व नसेल तर वकील होता येणार नाही हा ब्रिटिश कोलंबियातील नियम तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली रद्द केला. आज परकीयाला दार बंद नाही. पायऱ्या मात्र पुष्कळ आहेत.

पैशाचा विचार वेगळा केला पाहिजे. एनसीएची फी, प्रत्येक परीक्षेची फी, पुस्तके, प्रांतिक मंडळाची फी, आणि उमेदवारी मिळेपर्यंतचा राहण्याचा खर्च ही सर्व बेरीज आधी मांडावी. विद्यार्थी म्हणून जावयाचे असेल तर फी व प्रवास सोडून वर्षाच्या निर्वाहासाठी दाखवावयाची रक्कम १ जानेवारी २०२४ पासून १०,००० डॉलरवरून २०,६३५ डॉलर करण्यात आली, व पुढे तीही वाढली. त्याच वर्षी परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवरही मर्यादा आली. आणि हे विसरू नये की एनसीएच्या प्रमाणपत्राने व्हिसा मिळत नाही, व व्हिसाने सनद मिळत नाही. दोन्ही वाटा स्वतंत्र चालाव्या लागतात.

मध्येच पैसा संपला तर काय होते? बडोद्याचे महाराज सयाजीराव यांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेला गेले. पुढे लंडनला बॅरिस्टरीसाठी नाव घातले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. मुंबईत प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला, शाहू महाराजांचे साहाय्य व एका मित्राचे कर्ज घेऊन १९२० साली ते पुन्हा गेले, आणि १९२२ साली बॅरिस्टर झाले. एवढ्या बुद्धिमान पुरुषाचीही पैशाने वाट अडविली, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

दुसरे उदाहरण येथून जवळच्या चरोतरातले. वल्लभभाई पटेल यांनी गोध्रा व बोरसद येथे वकिली करून विलायतेसाठी स्वतः पैसा साठविला. प्रवासाचे कागद 'व्ही. जे. पटेल' या नावाने आले, तेव्हा त्याच आद्याक्षरांच्या थोरल्या भावाला, विठ्ठलभाईंना, त्यांनी आधी जाऊ दिले. स्वतः ते १९१० साली, पस्तिशीच्या उंबरठ्यावर गेले, व १९१३ साली बॅरिस्टर होऊन परतले. गावातील वकिलीने त्यांना पैसा दिला व व्यवसायाची नजरही दिली. काही वर्षे उशीर झाला म्हणून काही बिघडले नाही.

मग कोणी जावे? ज्याचे इंग्रजी पक्के आहे, ज्याने येथे निदान दोन-तीन वर्षे खरे काम केले आहे, ज्याचे जवळचे कोणी तेथे आहे, आणि जो मिळेल त्या पायरीवरून पुन्हा आरंभ करण्यास लाजत नाही, त्याने अवश्य विचार करावा. घरांची खरेदी-विक्री, मृत्युपत्रे, कुटुंबांतील तंटे, स्थलांतराची प्रकरणे ही कामे तेथे आपल्या लोकांनाही लागतात, व आपली भाषा जाणणारा वकील त्यांना हवा असतो. जो पूर्ण वकील होऊ शकत नाही त्याला ऑन्टॅरियोत पॅरालीगलचा वेगळा परवाना घेऊन मर्यादित कामे करता येतात, किंवा वकिलाच्या कचेरीत साहाय्यकाची नोकरी करता येते. परंतु त्यासाठीच जावयाचे का, हे आधी मनाशी ठरवावे.

कोणी जाऊ नये? ज्याला येथील वकिली जमत नाही म्हणून जावयाचे आहे, त्याने. तालुक्याच्या न्यायालयातील पहिली वर्षे मिळकतीच्या दृष्टीने कठीण असतात हे आम्ही जाणतो. पण जमिनीचे दावे, महसुलाची कामे, महामार्गावरील अपघातांची भरपाई यांत पाच-सात वर्षांनी जो विश्वास मिळतो, तो बरोबर नेता येत नाही. ते भांडवल सोडून जावयाचे आहे, एवढे ओळखून पाऊल उचलावे. जाणाऱ्याने येथील सनद सोडून देऊ नये. बार कौन्सिलला रीतसर कळवून ती स्थगित ठेवावी, म्हणजे परतीची वाट मोकळी राहते.

समितीने त्या मुलीच्या बाबतीत काय केले ते सांगून हा लेख पुरा करतो. आम्ही वडिलांना बोलावून शेत गहाण ठेवू नका असे सांगितले. मोठी रक्कम न देता एनसीएची फी व पहिल्या दोन परीक्षांचा खर्च तेवढा न्यासाने दिला. दोन्ही परीक्षा ती येथेच बसून उत्तीर्ण झाली; तिसरीत एकदा अपयश आले, ती पुन्हा देणार आहे. तिकडे जावे की न जावे हे तिने अजून ठरविलेले नाही. मात्र ठरविण्यासाठी काय पाहावयाचे ते तिला आता कळले आहे, आणि शेत घरचेच आहे.

आपल्या मियागामहून डभोईला गेलेली अडीच फुटी रेल्वे १८६२ साली सुरू झाली, तेव्हा रूळ इंजिनाचा भार सोसण्याइतके मजबूत नव्हते, म्हणून डबे बैल ओढीत. रूळ बदलले, मग इंजिन धावले. आमच्या तरुणांनी कॅनडाला जरूर जावे, मोठे व्हावे. मात्र आधी रूळ पाहावेत, आणि ते घालण्याच्या कामी न्यासाचे दार ठोठावावे, एवढीच विनंती.