आधी विचारा, मग सही करा

गेल्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतल्या विहारात रक्ताचे नमुने घेण्याचे शिबिर लागले. सिकलसेलची तपासणी आहे असे समजून बाया कामावरची सुट्टी टाकून रांगेत बसल्या. एका मावशींनी अंगठा दिला, रक्त दिले आणि आम्हाला विचारले, "सिस्टर, रिपोट कधी भेटन?" तेव्हा कुठे आम्ही तो कागद नीट वाचला. ते संशोधन होते. रिपोर्ट कोणालाच मिळणार नव्हता. आणि शिबिराची घोषणा वस्तीभर फिरून आम्हीच केली होती. मावशींच्या नातीला सिकलसेल आहे. लहान मुलीच्या लग्नाआधी आपल्या घरात अजून कोण वाहक आहे, एवढेच त्यांना हवे होते.

ती चूक आमची. म्हणून हा लेख.

तपासणी आणि संशोधन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तपासणी तुमच्यासाठी असते. तिचा निकाल तुमच्या हातात येतो. संशोधनात हजारो लोकांचे नमुने एकत्र अभ्यासले जातात. त्याचा फायदा झाला तर पुढे सगळ्यांना होतो, तुम्हाला लगेच काही मिळेलच असे नाही.

नमुना म्हणजे चमचाभर रक्त किंवा थोडी थुंकी. त्यातल्या पेशींमध्ये डीएनए असतो. आईकडून अर्धा आणि वडिलांकडून अर्धा आलेला हा शरीराचा आराखडा. कोणत्याही दोन माणसांचा डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखाच असतो. उरलेल्या फरकात काही आजारांची आणि औषध सोसण्या-न सोसण्याची कारणे दडलेली असतात. उदाहरणार्थ, ज्यांच्या शरीरात जी-६-पीडी कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशी मलेरियाच्या प्रायमाक्विन गोळीने फुटू शकतात. हा दोष जन्मजात असतो.

जगातला असा बहुतेक अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झाला आहे. त्यावरून बेतलेल्या चाचण्या आपल्याला तंतोतंत लागू पडतीलच असे नाही. म्हणून भारत सरकारच्या 'जीनोम इंडिया' प्रकल्पात देशातल्या ८३ लोकसमूहांतील सुमारे १० हजार निरोगी माणसांचा डीएनए वाचला गेला. ही माहिती फरीदाबादच्या केंद्रात ठेवली असून जानेवारी २०२५ मध्ये ती संशोधकांसाठी खुली झाली. आपले नमुने अशा अभ्यासात नसले, तर आपले आजारही त्यात दिसणार नाहीत. म्हणून आम्ही संशोधनाच्या विरोधात नाही.

मग नमुने समूहाप्रमाणे का घेतात? बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मूळ जातीतल्या जातीत लग्न हेच दाखवले. पिढ्यानपिढ्या लग्ने त्याच वर्तुळात झाली की आजाराचा एखादा दोषही त्या वर्तुळात फिरत राहतो. आई-वडील दोघेही सिकलसेलचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता चारात एक. पण याचा अर्थ 'आपल्या रक्तातच खोट आहे' असा मुळीच नाही. वाहकाला मलेरियापासून थोडे संरक्षण मिळते. म्हणून आफ्रिका, अरबस्तान आणि भारतातल्या मलेरियाच्या पट्ट्यांत हा दोष टिकला. त्याचे कारण डास आहे, कोणाचा कमीपणा नव्हे.

धोका कुठे असतो? अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या दरीत हवासुपाई नावाचा आदिवासी समाज राहतो. त्यांच्यात मधुमेह फार. १९९० पासून अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी मधुमेहासाठी म्हणून त्यांचे रक्त घेतले. पुढे तेच रक्त मानसिक आजार, नात्यातली लग्ने आणि हे लोक मूळचे कुठले, अशा अभ्यासांसाठी वापरले गेले. लोकांना हे कळले तेव्हा ते कोर्टात गेले. २०१० मध्ये विद्यापीठाने ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर दिले आणि उरलेले रक्त परत केले. एवढा लहान समाज, पण त्याने जाब विचारला.

आपणही विचारायचे, आणि सही करण्याआधी विचारायचे:

• ही तपासणी की संशोधन? रिपोर्ट मिळणार का?
• कोणत्या आजारासाठी? दुसऱ्या कामाला वापरणार असाल तर पुन्हा विचाराल का?
• नमुना कुठे आणि किती वर्षे ठेवणार? खाजगी कंपनीला देणार का?
• नावाऐवजी नंबर टाकणार का? जात कशासाठी लिहून घेता?
• नंतर नको वाटले तर नाव मागे घेता येईल का?
• नीतिमत्ता समितीची परवानगी आहे का? तिचा फोन नंबर कुठे आहे?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ही माहिती तुम्हाला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे. वाचता येत नसेल तर वाचून दाखवावी, आणि अंगठा देताना संशोधकांच्या बाहेरचा साक्षीदार हजर असावा. नाही म्हटले म्हणून तुमचे उपचार अडवता येत नाहीत. विहार समितीच्या अध्यक्षांनी, नगरसेवकांनी किंवा आम्ही 'हो' म्हटले, तरी ती तुमची संमती होत नाही. नवऱ्याची सही बायकोला चालत नाही. संमतीपत्राची एक प्रत घरी आणून रेशनकार्डाजवळ ठेवा.

डीएनए एकट्याचा नसतो. तुमच्या नमुन्यातून भावंडांची आणि लेकरांचीही माहिती कळते. म्हणून घरात बोलून ठरवा.

त्या मावशींना आणि त्यांच्या मुलीला आम्ही दुसऱ्या आठवड्यात सरकारी दवाखान्यात नेले. मुलगी वाहक निघाली. आता मुलाचीही तपासणी झाल्याशिवाय लग्नाची तारीख काढायची नाही, असे मावशींनीच पाहुण्यांना सांगितले. संशोधनात राहायचे की नाही, तेही त्यांनी कागद वाचून घेऊन ठरवले. त्या राहिल्या. या वेळी अंगठा देण्याआधी त्यांनी पाच प्रश्न विचारले.