‘माझ्याशी बोलली’ आणि ‘मला बोलली’: एका प्रत्ययाने केलेला घोटाळा

मागच्या लेखात मुलाखतींचं लिप्यंतर कसं करतात ते सांगितलं होतं. आज त्याच कामात मी केलेली एक चूक सांगते. चूक एका साध्या क्रियापदाची आहे, पण तिच्यामुळे माझा एक निष्कर्ष चक्क उलटा होणार होता.

माझं संशोधन घरातले निर्णय कोण घेतं यावर आहे. एका मुलाखतीत ताई म्हणाल्या, “मी नोकरीचं काढलं तेव्हा सासूबाई मला खूप बोलल्या.” मी सगळ्या मुलाखतींचं इंग्रजी भाषांतर करून ठेवलं होतं आणि वर्गीकरण त्या भाषांतरावरून करत होते. तिथे ‘सासूबाई खूप बोलल्या’ एवढंच उरलं होतं. मी त्यापुढे शेरा मारला: ‘घरात चर्चा झाली’. गाईडनी मूळ मराठी वाक्य वाचलं आणि विचारलं, “अगं, ही चर्चा आहे का? त्या बाईला बोलणी बसलीयत!”

तुम्ही मराठी असाल तर हसला असाल. ‘माझ्याशी बोलली’ म्हणजे संवाद, ‘मला बोलली’ म्हणजे खरडपट्टी. फरक फक्त ‘शी’ आणि ‘ला’चा. मलाही तो माहीत होता, पण भाषांतराच्या तक्त्यात तो दिसेनासा झाला. मग मी बोलणे, सांगणे आणि म्हणणे ही तिन्ही क्रियापदं नीट तपासायला बसले.

समानार्थी, पण कुठवर?

शाळेत आपण ही तिन्ही समानार्थी म्हणून पाठ करतो. आता एकाच्या जागी दुसरं घालून बघा. आपण मराठी ‘बोलतो’, मराठी ‘सांगत’ नाही. गोष्ट ‘सांगतो’, गोष्ट ‘म्हणत’ नाही. श्लोक ‘म्हणतो’, श्लोक ‘बोलत’ नाही. एखाद्याला पत्ता विचारला तर तो पत्ता ‘सांगतो’.

माझ्या समजुतीप्रमाणे ढोबळ विभागणी अशी आहे:

- बोलणे: तोंडाने बोलण्याची क्रिया. बाळ बोलायला लागलं, यात ते काय बोललं याला महत्त्व नाही.
- सांगणे: ऐकणाऱ्यापर्यंत काहीतरी पोचवणं. म्हणून यात ‘कुणाला’ आणि ‘काय’ दोन्ही लागतात. हुकूमही यातच येतो: ‘त्याला थांबायला सांग’.
- म्हणणे: नेमके शब्द किंवा नेमकी भूमिका. ‘ती नको म्हणाली’, ‘याला आम्ही बाळ्या म्हणतो’.

व्याकरणही यांना वेगवेगळं वागवतं. भूतकाळात ‘ती बोलली’, पण ‘तिने सांगितलं’. म्हणणे मात्र दोन्ही दगडांवर पाय ठेवून आहे: ‘ती म्हणाली’ही चालतं आणि ‘तिने म्हटलं’ही.

यांच्यापासून झालेली नामं बघितली की फरक आणखी स्पष्ट होतो. लग्नाची ‘बोलणी’ होतात. निरोपाला ‘सांगावा’ म्हणतात. आणि कोर्टात समोरच्या पक्षाला आपलं ‘म्हणणे’ सादर करायला सांगतात. तिथे ‘आपले बोलणे सादर करा’ असं कुणी लिहिणार नाही, कारण कोर्टाला भूमिका हवी असते. दोष देण्याला आपण ‘बोल लावणे’ म्हणतो, म्हणजे बोलण्यातला रागवण्याचा अर्थ नामातही उतरलाय.

थोडं मागे जाऊ

‘म्हणणे’चं मूळ संस्कृत ‘भण्’ धातूत आहे. ‘बोलणे’ प्राकृतातल्या ‘बोल्ल’वरून आलं. बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृत व्याकरण लिहिलं, त्यात संस्कृत ‘कथ्’ धातूला चालणारे दहा प्राकृत पर्याय दिलेत. ‘बोल्ल’ त्यातलाच एक. म्हणजे एका क्रियेला अनेक शब्द असणं आपल्याकडे नवीन नाही.

त्यातही ‘म्हणणे’ने फार मोठी मजल मारली. ‘पाऊस येईल म्हणून छत्री घेतली’ यात कुणीच काही म्हणत नाही. ‘म्हणून’ कारण दाखवतं. ‘ज्ञानेश्वरी’त ‘म्हणौनि’ जागोजागी भेटतं, म्हणजे ही वाट जुनीच आहे. ‘तो येणार म्हणे’ म्हटलं की बातमी ऐकीव आहे, माझ्यावर जबाबदारी नाही. ‘उद्या गावाला जाईन म्हणतेय’ हा तर नुसता बेत. मुलाखतीत हे ‘म्हणे’ गाळलं तर ऐकीव गोष्ट पाहिलेली होऊन बसते!

मग मुंबईचं ‘बोलली’ काय?

इथे गंमत वाढते. मुंबईत ‘मी त्याला बोलले की उद्या ये’ असं सर्रास ऐकू येतं. प्रमाण मराठीत इथे ‘म्हणाले’ किंवा ‘सांगितलं’ येईल. हिंदीच्या शेजारामुळे ही लकब बळावली असावी. पुष्कळ जण तिला नाकं मुरडतात. मी मुरडत नाही, कारण मुलाखत देणाऱ्या ताईंची भाषा सुधारणं हे माझं काम नाही. पण अशा मुलाखतीत ‘नवरा मला बोलला’ म्हणजे त्याने सांगितलं की तो रागावला, हे एका शब्दावरून ठरत नाही.

मी आता पुढे काय येतं ते बघते. ‘बोलला’नंतर ‘की’ किंवा प्रत्यक्ष उद्गार असेल, तर बहुतेक वेळा ते ‘म्हणाला’ असतं. पुढे काहीच नसेल, आणि ‘खूप’, ‘वाट्टेल ते’, ‘सगळ्यांसमोर’ असे शब्द असतील, तर ते रागावणं. तरीही शंका राहिली तर रेकॉर्डिंग पुन्हा ऐकते. आवाज बहुतेकदा उत्तर देतो.

आणि वर्गीकरण आता मूळ मराठीवरूनच करते. त्या ताईंच्या वाक्यापुढचा ‘चर्चा’ हा शेरा मी खोडला. ज्या घरात त्यांना तोंड उघडल्याबद्दल बोलणी खावी लागली, तिथे सगळ्यांनी मिळून चर्चा केली असं माझ्या प्रबंधात छापलं गेलं असतं, तर त्यांचं म्हणणं दुसऱ्यांदा दाबलं गेलं असतं, आणि या वेळी माझ्या हातून.

तुमच्याकडे ‘मला बोलली’चा अर्थ काय होतो? गावाचं नाव घालून नक्की सांगा.