चॉक अँड चीज: दोन टोकांची माणसं

दोन सख्खे भाऊ. एक पहाटे उठून पळायला जाणारा, दुसरा रात्रभर जागून वाचणारा. इंग्रज अशा जोडीबद्दल म्हणतो, ‘दे आर लाइक चॉक अँड चीज’. खडू आणि चीज, दोन्ही दिसायला फिकट. पण चीज खाण्याचं, खडू नाही!

ही शब्दांची जोडी फार जुनी आहे. जॉन गॉवर या कवीच्या १३९० च्या सुमाराच्या ‘कन्फेसिओ अमँटिस’मध्ये चीजच्या जागी खडू खपवण्याचा, म्हणजे फसवणुकीचा उल्लेख येतो. दोन्ही शब्दांच्या सुरुवातीच्या ‘च’मुळे ती जिभेवर सहज रुळते.

वापरताना एवढं लक्षात ठेवा:

🔹 स्वभाव, आवडीनिवडी, राहणी यांतला फरक सांगायला ही उत्तम.
🔹 मतं टोकाची असतील तर ‘पोल्स अपार्ट’ जास्त शोभतं.
🔹 तुलनाच चुकीची असेल तर ‘ॲपल्स अँड ऑरेंजेस’.

आणि मुख्य म्हणजे, ‘चॉक अँड चीज’चा अर्थ ‘विळ्या-भोपळ्याचं सख्य’ किंवा ‘छत्तीसचा आकडा’ असा करू नका. तिथे वैर असतं. इथे फक्त जमीन-अस्मानाचा फरक असतो. अशा दोघांचा संसार सुखाचाही होतो!

तुमच्या घरात अशी जोडी कोणती? नक्की सांगा.