परदेशात रोख पैसे काढताय? आधी कार्डाचा हिशेब करा

इंदूरची माझी आत्या गणिताची शिक्षिका होती. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण दिवसाचा खर्च वहीत लिहिल्याशिवाय तिला आजही झोप लागत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ती आणि काका बँकॉक-पटायाच्या सहलीला गेले. दोघांचाही हा पहिलाच परदेश प्रवास. परत आल्यावर आठवड्याभरात तिचा फोन आला. आवाज चांगलाच चढलेला.

''अगं, मी पाच वेळा दोन-दोन हजार बाट काढले. म्हणजे दहा हजार. बाट अडीच रुपयांच्या आसपास होता. मग पासबुकात तीस हजारांच्या घरात रक्कम कशी गेली?''

आत्याची बेरीज बरोबर होती आणि बँकेचीही. चूक झाली ती निघण्यापूर्वी. विमान, हॉटेल, व्हिसा, सोबतच्या लाडू-चिवड्यापर्यंत सगळी चौकशी झाली होती; पण पैसे ज्या कार्डाने काढायचे, त्या कार्डाची चौकशी कोणीच केली नव्हती.

तीन ठिकाणी कात्री

परदेशातल्या एटीएममध्ये आपले कार्ड घातले की पैसे तीन ठिकाणी कापले जातात. पहिली कात्री त्या यंत्राच्या मालकाची, म्हणजे तिथल्या बँकेची. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर साधारण २२० बाट द्यावे लागतात, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. तुम्ही एक हजार बाट काढा की दहा हजार, शुल्क तेवढेच. दुसरी कात्री आपल्या बँकेची. परदेशात पैसे काढल्याबद्दल दर वेळी ठराविक आकार, बऱ्याच बँकांत सव्वाशे रुपयांच्या आसपास, वर १८ टक्के जीएसटी. तिसरी कात्री चलन बदलण्याची. बाटचे रुपये करताना बँक दरावर आपला 'मार्क-अप' चढवते. तो अनेक कार्डांवर साडेतीन टक्के असतो आणि जीएसटी धरून ४.१३ टक्के होतो.

आता आत्याचा हिशेब मांडू. बाट अडीच रुपये धरला तर दहा हजार बाट म्हणजे २५,००० रुपये. यंत्राचे शुल्क पाच वेळा, ११०० बाट, म्हणजे २,७५० रुपये. बँकेचा आकार जीएसटीसह १४७ रुपये ५० पैसे, पाच वेळा म्हणजे सुमारे ७३८ रुपये. या सगळ्या बाटवर मार्क-अप सुमारे १,१४६ रुपये. एकूण ४,६३४ रुपये! पंचवीस हजार हातात यावेत म्हणून जवळजवळ साडेअठरा टक्के जादा.

हेच दहा हजार बाट तिने त्याच कार्डाने एकदम काढले असते, तर जादा खर्च सुमारे १,७५३ रुपये झाला असता. आणि समजा, बँकेचा आकारही नाही आणि मार्क-अपही नाही असे कार्ड तिच्याकडे असते, पण पैसे पाच वेळाच काढले असते, तर? यंत्राचे २,७५० रुपये तरीही गेलेच असते. म्हणजे महागडे कार्ड एकदा वापरणे हे स्वस्त कार्ड पाच वेळा वापरण्यापेक्षा स्वस्त पडले असते. जाहिरातीतल्या 'शून्य शुल्क' या शब्दांवर भाळण्यापूर्वी हे ध्यानात घ्यायला हवे.

आत्याने थोडे थोडे का काढले? पाकीटमाराच्या भीतीने. तिला त्यात दोष देता येणार नाही. पण हॉटेलच्या तिजोरीत निम्मी रक्कम ठेवून ही भीती कमी करता आली असती.

कोणते कार्ड घ्यावे?

निवृत्तिवेतनाच्या खात्यावर बहुधा साधे रुपे डेबिट कार्ड मिळते. केवळ देशात चालणारे रुपे कार्ड परदेशात उपयोगाचे नाही. त्यासाठी आंतरराष्ट्रीय रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्ड हवे. काही बँका मार्क-अप न लावणारे डेबिट कार्ड देतात. त्यासाठी कधी वेगळे खाते उघडावे लागते, कधी खात्यात ठराविक शिल्लक ठेवावी लागते. इथे शुल्कपत्रक नीट वाचा. मार्क-अपची सूट फक्त खरेदीला आहे की रोख काढण्यालाही? फरक नेमका इथेच लपलेला असतो.

प्रीपेड फॉरेक्स कार्डात चलन आधीच भरून ठेवता येते, त्यामुळे दर घसरण्याची धास्ती नसते. मात्र त्यातूनही रोख काढताना दर वेळी दोन डॉलरच्या आसपास शुल्क पडते. शिवाय कार्डात डॉलर भरले आणि बाट काढले, तर एका चलनातून दुसऱ्यात जाण्याचा आकार वेगळा. ज्या देशात जाणार, त्याच देशाचे चलन भरता येत असेल तरच हे कार्ड रोखीसाठी फायद्याचे.

क्रेडिट कार्डाने मात्र रोख काढू नये, अगदी अडचण आली तरच. रोख उचल शुल्क अडीच-तीन टक्के तर लागतेच, पण व्याजही पहिल्या दिवसापासून धावू लागते. खरेदीवर मिळणारी बिनव्याजी मुदत रोखीला नसते.

रुपये की बाट?

यंत्र मध्येच एक गोड प्रश्न विचारते : रक्कम तुमच्या खात्यातून रुपयांत वळती करू का? पडद्यावर रुपयांचा आकडाही दिसतो, ओळखीचे चलन पाहून बरे वाटते आणि बोट 'होय'वर पडते. इथे 'नाही' म्हणा. रुपयांचा तो दर यंत्रवाल्याने ठरवलेला असतो आणि बँकेच्या दरापेक्षा बराच महाग असतो. काही भारतीय बँका तर परदेशात रुपयांत झालेल्या व्यवहारावर आणखी आकार लावतात. 'नाही' म्हटले तरी व्यवहार रद्द होत नाही. पैसे त्या देशाच्या चलनात मिळतात. काकांनी एकदा 'होय' दाबले होते का, हे आता त्यांनाही आठवत नाही.

निघण्याच्या आठवडाभर आधी

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, १ ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्ड केवळ देशातल्या वापरासाठी चालू करून मिळते. परदेशातला वापर ग्राहकाने स्वतः मोबाइल ॲपवरून, नेट बँकिंगने किंवा शाखेत जाऊन सुरू करायचा असतो. त्याच वेळी रोजची मर्यादाही पाहून घ्या. मर्यादा कमी असली, तर एकदम मोठी रक्कम काढायचा बेत तिथेच अडेल. परत आल्यावर तो वापर बंद करायला विसरू नका.

पती-पत्नी दोघे असाल तर दोन वेगळ्या बँकांची दोन कार्डे न्या आणि ती एकाच पर्समध्ये ठेवू नका. शक्यतो बँकेच्या शाखेला लागून असलेले एटीएम, तेही कामकाजाच्या वेळेत वापरा. कार्ड अडकलेच तर आत माणूस भेटतो. पैसे न येता खात्यातून रक्कम वळती झाली, तर पावती जपून ठेवा आणि आपल्याच बँकेकडे तक्रार नोंदवा. पोहोचल्या दिवशीच्या खर्चापुरत्या थोड्या परदेशी नोटा इथूनच अधिकृत परकीय चलन विक्रेत्याकडून घेतलेल्या बऱ्या.

एकदम काढायचे तर अंदाज चुकून बाट उरतील, ही आत्याची शंका रास्त आहे. शेवटच्या दिवशी हॉटेलचे किंवा विमानतळावरचे बिल उरलेल्या नोटांनी द्यावे आणि कमी पडेल तेवढे कार्डाने भरावे. तरीही काही उरलेच तर २,००० डॉलरच्या किमतीपर्यंतच्या परदेशी नोटा पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येतात. त्यावरच्या नोटा परतल्यापासून १८० दिवसांच्या आत बदलून घ्याव्या लागतात. आत्याच्या कपाटात अजून ६४० बाट आहेत. वहीत त्यांची नोंद 'येणे' या सदरात आहे.