बाटलीतले २८ दिवस

स्क्वॅशच्या बाटलीवर बारीक अक्षरांत अनेकदा ‘सोडियम बेंझोएट’ छापलेलं असतं. सरबत नासू नये म्हणून ते घालतात. गंमत म्हणजे पाण्यातले जंतू एखादं रसायन किती सहज फस्त करतात, हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तेच बेंझोएट हुकमी खाऊ म्हणून वापरतात! आंबट सरबतात ते जंतूंना आवरतं. साध्या पाण्यात चिमूटभर असलं तर जंतू त्यावर ताव मारतात.

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ३०१ क्रमांकाच्या पद्धतींमध्ये ‘बंद बाटली’ची एक चाचणी आहे. हवा खेळवलेल्या, थोडे क्षार घातलेल्या पाण्यात लिटरमागे जेमतेम २ मिलिग्रॅम रसायन घालायचं. जंतूंसाठी सांडपाणी केंद्रातून शुद्ध होऊन निघालेल्या पाण्याचा एखादा थेंब पुरतो. बाटल्या काठोकाठ भरायच्या, बुडबुडासुद्धा राहू द्यायचा नाही, आणि बूच लावून अंधारात ठेवायच्या. उजेडात शेवाळ वाढलं तर तेच प्राणवायू सोडायचं आणि जंतूंनी खाताना किती प्राणवायू वापरला याचा हिशेब कोसळायचा.

मग ठरलेल्या दिवशी एकेक बाटली उघडून प्राणवायू किती उरला ते मोजतात. जुनी विंकलर पद्धत अजूनही चालते: स्टार्चमुळे निळं झालेलं द्रावण ब्युरेटमधून थायोसल्फेट पडता पडता एका थेंबाला रंगहीन होतं. २ मिलिग्रॅम बेंझोएट पुरतं ‘जळायला’ सुमारे ३.३ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. नुसत्या जंतूंच्या बाटलीतला खर्च वजा करून २८ दिवसांत त्याच्या ६० टक्के, म्हणजे २ मिलिग्रॅम खर्च झाला की रसायन पास. शंभर टक्के का नाही? खाल्लेल्यातलं बरंचसं जंतूंच्या अंगी लागतं. तुलनेसाठी वेगळ्या बाटल्यांत ठेवलेल्या बेंझोएटनं मात्र १४ दिवसांतच ६० टक्के गाठायचे, नाहीतर जंतूच नालायक ठरवून अख्खी चाचणी रद्द.

परीक्षा मुद्दामच कडक ठेवली आहे. जंतू थोडे, रसायनाची सवय नाही, दुसरं खायलाही काही नाही. त्यामुळे नापास झालेलं रसायन नदीत कधीच विघटित होणार नाही असं नव्हे. पास झालेल्यावर मात्र विश्वास टाकता येतो.

या कडकपणामागे फेसाचा अनुभव आहे. १९५०च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर डिटर्जंटचा फेस तरंगू लागला. त्या रेणूची कार्बन-साखळी फांद्याफांद्यांची होती. जंतू साखळी टोकाकडून दोन-दोन कार्बन तोडत खातात. फांदी आली की अडतात. पश्चिम जर्मनीनं १९६१मध्ये डिटर्जंटबाबत कायदा केला आणि पुढच्या काही वर्षांत कारखान्यांनी रेणू बदलला. साखळीत कार्बन जवळपास तेवढेच, फक्त फांद्या छाटलेल्या.