रात्रीचे अन्न सकाळी खावे काय?

आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या मुलांच्या घरी सकाळी गेले की एक दृश्य हमखास दिसते. रात्रीचा भात पातेल्यात उरलेला असतो, त्याला कांदा-मिरचीची फोडणी पडते आणि तो खाऊन मुले शाळा-कॉलेजला जातात. "काही होत नाही, आम्ही जन्मभर खात आलो," असे वडीलधारी मंडळी सांगतात. शाळेच्या पुस्तकात मात्र शिळे अन्न खाऊ नये असे छापलेले असते. यातले खरे कोणते, असे विद्यार्थी आम्हाला विचारतात. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने या विषयाचा थोडा खुलासा करीत आहोत.

आधी एक गोष्ट बाजूला काढून ठेवू. आपल्या समाजात शिळ्या अन्नाला एक वेगळा इतिहास आहे. गावकीची कामे करायची आणि मोबदल्यात घरोघर शिळे तुकडे मागायचे, हे आपल्या आजे-पणज्यांच्या वाट्याला आले होते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि असे फेकलेले तुकडे खाणे सोडून द्या, असे बजावले. तो प्रश्न स्वाभिमानाचा होता. स्वकष्टाने आणलेला, आपल्याच चुलीवर शिजवलेला आणि रात्री उरलेला भात त्यात मोडत नाही. तो खाण्यात लाज नाही. तो बाधेल की नाही, एवढेच येथे पाहायचे आहे.

अन्न शिजले की जंतू मरतात, ही समजूत बऱ्याच अंशी बरोबर आहे. पण काही जंतू फार चिवट. तांदळात बॅसिलस सेरियस नावाचा मातीतला जंतू नेहमीच थोडाफार असतो. तो बीजाणूच्या रूपात, म्हणजे कवच घातलेल्या बीजासारखा असतो, आणि भात शिजताना हे बीजाणू मरत नाहीत. उलट भात कोमट झाला की ते रुजतात आणि वाढू लागतात. ५ ते ६० अंश सेल्सियस हा टप्पा जंतूंच्या वाढीला मानवतो. आपल्या स्वयंपाकघरातील उन्हाळ्याची रात्र नेमकी त्याच्या मध्यावर येते. अनुकूल स्थितीत काही जंतू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. त्या वेगाने एका जंतूचे ८ तासांत किती होतील, हे विद्यार्थ्यांनी वहीवर करून पाहावे. २४ वेळा दुप्पट केले की आकडा १ कोटी ६७ लाखांच्या पुढे जातो. प्रत्यक्षात वेग इतका कायम राहत नाही, पण अंदाज यावा.

आता मुख्य मुद्दा. हा जंतू भातात वाढताना एक विष सोडतो आणि ते उष्णतेने नाश पावत नाही. १२१ अंशावर दीड तास ठेवले तरी ते टिकते असे प्रयोगात आढळले आहे. प्रेशर कुकरच्या आतले तापमान साधारण एवढेच असते. मग कढईतील पाच मिनिटांच्या फोडणीने काय होणार? फोडणीने जंतू मरतील, विष तसेच राहील. वासावरूनही कळत नाही. भात आंबला, वरणाला तार सुटली, तर आपण टाकून देतोच. बाधणारा भात पुष्कळदा अगदी चांगला लागतो.

हे आम्ही पुस्तकातून नव्हे, आमच्याच चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी जयंतीचा कार्यक्रम रात्री उशिरा संपला. भोजनातला मोठे पातेलेभर भात उरला. एवढे अन्न टाकणे जिवावर आले, म्हणून झाकण घालून ठेवला. एप्रिलचा उकाडा होता. सकाळी खमंग फोडणी देऊन मुलांना वाढला. दोन-तीन तासांत चौघांना ओकाऱ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी भात कसा लागला हे विचारलेच नाही. तो किती तास बाहेर होता, एवढेच विचारले. भाताची तपासणी झाली नाही, पण खाल्ल्यापासून १ ते ६ तासांत उलट्या, हे या विषाचे ठरलेले लक्षण आहे. मुले संध्याकाळपर्यंत बरी झाली. त्यांच्या आयांसमोर उभे राहताना मात्र आम्हाला फार जड गेले.

बहुतेक वेळा हा त्रास एका दिवसात थांबतो, आणि म्हणूनच "काही होत नाही" ही समजूत टिकून आहे. क्वचित मात्र जिवावर बेतते. बेल्जियममध्ये २००८ साली एका २० वर्षांच्या विद्यार्थ्याने ५ दिवस स्वयंपाकघरात उघड्यावर राहिलेल्या शेवया गरम करून खाल्ल्या आणि त्याच रात्री तो दगावला. त्या शेवयांत हेच जंतू सापडले.

मटणाच्या मोठ्या पातेल्याला निराळा धोका असतो. रश्शाच्या मध्यभागी ऊब तासन् तास राहते आणि तेथे हवेशिवाय वाढणारे दुसरे जंतू माजतात. हात लावून कालवलेल्या पदार्थांत आपल्याच त्वचेवरचे आणि नाकातले जंतू उतरतात. त्यांचेही विष उकळून जात नाही. वाढणाऱ्याच्या बोटाला पू झालेली जखम असेल तर त्याला त्या दिवशी दुसरे काम द्यावे.

मग वडीलधारे म्हणतात ते खोटे काय? नाही. ते प्रामुख्याने भाकरीवर वाढले, आणि भाकरी व भात यांत मोठा फरक आहे. जंतूंना पाणी लागते. नीट भाजून उघड्यावर निववलेल्या भाकरीत ते कमी असते, म्हणून ती रात्रभर टिकते. गरम गरम फडक्यात बांधली तर तिला घाम सुटतो आणि बुरशी येते. ६ डिसेंबरला दादरला येणारी मंडळी भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी बांधून आणतात, त्यात पिढ्यांचे शहाणपण आहे. त्याच गाठोड्यात ओल्या खोबऱ्याची चटणी किंवा उकडलेला बटाटा घातला की ते शहाणपण संपले. आंबील टिकते, कारण आंबटपणा बऱ्याच जंतूंना मानवत नाही.

शिळी पोळी मधुमेहाला चांगली, असा निरोप हल्ली मोबाईलवर फिरतो. अन्न थंड झाल्यावर त्यातला थोडा पिष्ट भाग पचायला जड होतो, एवढे खरे. पण तो गुण गार होण्याचा आहे, रात्रभर ओट्यावर राहण्याचा नाही.

फ्रिज असेल तर भात २ तासांच्या आत, कडक उन्हाळ्यात तासाभरातच आत गेला पाहिजे. पातेले तसेच ठेवू नये, मध्यभाग निवायला फार वेळ लागतो. परातीत पातळ पसरावा, निवला की लहान डब्यांत भरावा, आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत एकदाच गरम करून संपवावा. वीज गेली तर फ्रिजचे दार उघडू नये. बंद दाराआड साधारण ४ तास थंडावा टिकतो. फ्रिज नसलेल्या घरांनी आणि खोली करून राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी रात्री भात मोजून लावावा आणि सकाळसाठी भाकरीच जास्त थापावी. बाहेर राहिलेला भात लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि म्हाताऱ्या माणसांना तर मुळीच देऊ नये.

त्रास झालाच तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट पाजत राहावे. रक्त पडणे, पाणीही न ठरणे, लघवी बंद होणे, डोळे पिवळे दिसणे किंवा गुंगी येणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरी थांबू नये.

आमच्या कार्यक्रमात आता पंगत सुरू होतानाच दोन कार्यकर्ते उरणाऱ्या अन्नासाठी नेमलेले असतात. शेवटची पंगत उठण्याआधीच ते शेजारच्या वस्तीत गरम अन्न पोचवून येतात. रात्री उरलेला भात मात्र आम्ही टाकतो. टाकताना अजूनही वाईट वाटते.